न्यूट्रलमधी

रात्रीचे साडेबारा. परभणीत जिंतूर नाक्याजवळ
लाइट गेलेली, उकाडा भिंतीला चिकटलेला.
मी मोबाइलच्या उजेडात नर्सिंगचं पुस्तक धरून,
आणि खाली सतरंजीवर माझी माय,
कुशावर्ता, वय अडतीस,
एसटीची शिकाऊ ड्रायव्हर.

झोपल्या झोपल्या तिचा डावा पाय
हळूच काहीतरी दाबतो.
क्लच.
सतरंजीला सुरकुती पडते, पाय सुटतो.

दिवसभर खदीर उस्ताद ओरडले असतील,
“बाई, गिअरशी भांडू नका, त्याला विचारा.”
चौथ्यावरून तिसरा पडत नव्हता.
झरीपर्यंत नाही, बोरीपर्यंत नाही.
काळ्या मातीनं फुगवलेल्या त्या रस्त्यावर
डबा आदळत राहिला, आणि मागं बसलेली
बाकीची शिकाऊ पोरं हसत राहिली.
घरी येऊन दोन भाकरी थापल्या, बोलली नाही.

आता बघा.
पुस्तकात लिहिलंय, झोपेच्या दुसऱ्या टप्प्यात
मेंदूत बारीक लहरी उठतात, नाव स्पिंडल.
म्हणजे चाती. कापूस कातायची चाती.
सेकंदभर गरगरते, थांबते, परत गरगरते,
आणि हाताचं काम हातात वळत जातं,
पेळूचा धागा व्हावा तसं.
उकाड्यानं ओट्यावर आलेल्या अनुसयाकाकू
खिडकीतून विचारतात, “माय झोपली का गं?”
मी म्हणते, “झोपायली नाही, शिकायली.”

एक वाजतो. पाय थांबलेला.
श्वास लांब, जड, भरल्या गाडीनं चढ चढावा तसा.
हाक मारली तरी ओ येणार नाही.
ही गाढ झोप म्हणजे रात्रीचा डेपो.
कंडक्टर खिडकीशी सुटे मोजतो, वेबिल जमा करतो,
दिवसभर पिशवीत खुळखुळलेलं
पक्क्या रजिस्टरला चढतं.
आणि झाडूवाला सीटांखालून काढतो
शेंगांची टरफलं, फाटकी तिकिटं,
त्या पोरांचं हसू.
ते जावं, असं मला वाटतं. पुस्तक खात्री देत नाही.

मेंदूत म्हणे एक समुद्रघोडा असतो,
ती पिशवी तोच सांभाळतो.
परभणीत समुद्रघोडा!
इथं टँकर डुचमळतो तेवढीच लाट.

साडेतीन. पापण्यांखाली बुबुळं धावू लागतात,
डावीकडं, उजवीकडं, आरशात, परत रस्त्यावर.
हातपाय मात्र लुळे.
इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमधी.
मला माहीत आहे ती कुठं आहे.
सोमवारी बोरीच्या वळणावर एक शेरडू मधी आलं.
वाचलं. पण तेव्हापासून स्टेअरिंग धरताना
तिची बोटं पांढरी पडतात.
या झोपेत ते वळण परत येतं, पुन्हा पुन्हा,
आणि दर खेपेला थोडं बोथट होत जातं.
वळण राहतं, शेरडू राहतं,
पोटातला गोळा तेवढा विरघळतो.

आणि चारला नळ येणार.
आठ दिवसांनी येतो, पाऊण तास टिकतो.
मायचा गजर चारचाच.
पुस्तकात हेही आहे, ही झोप पहाटेच जास्त असते,
गजरानं तुटली की तुटली.
माझाही उद्या पेपर. पहाट मलाही लागते.

मी गजर बंद केला.
कळशी उचलून बाहेर नेली,
धारेचा आवाज होऊ नये म्हणून
आधी तळाला फडकं टाकलं.

पेपरात मला डोळा फिरवणाऱ्या
चौथ्या नसेचं नाव आठवलं नाही. एक मार्क.

संध्याकाळी माय आली, चपला सोडल्या,
म्हणाली, “आज तिसरा आपोआप पडला गं,
कसा काय, कळंना.”
मग कळशीकडं बघून,
“आणि गजर कुणी बंद केला?”